मॅडम, इथे फक्त एक सही!

‘‘मॅडम, तुम्हाला ऑफिसला उशीर होत असेल. इथे फक्त एक सही द्या, झालं!’’

शाळेच्या शिपाईमामांचं हे वाक्य मला जाम आवडायचं. किती समजूतदार माणूस! स्कूटीच्या सीटवर रजिस्टर ठेवायचं, बोट दाखवतील तिथे सही ठोकायची, लेकीला टाटा करायचा आणि सुसाट ऑफिस. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना आपण ‘आय अ‍ॅग्री’वर टिचकी मारतो ना, अगदी तस्संच.

हो, आमची लेक महापालिकेच्या शाळेत जाते. दुसरीत. हे सांगितलं की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन सेकंद शांतता पसरते. मग कुणीतरी हळूच विचारतं, ‘‘म्हणजे... सगळं ठीक आहे ना घरी?’’ सगळं ठीक आहे हो! होम लोनचा ईएमआय आहे, शाळा चालत सात मिनिटांवर आहे, सेमी-इंग्रजी आहे आणि वर्गाच्या बाई खरंच जीव लावून शिकवतात. आम्ही दोघांनी विचार करून घेतलेला निर्णय होता तो.

ती पहिलीत गेली तेव्हा जूनच्या पालकसभेत ‘या शिकलेल्या आहेत, यांना घ्या’ असं म्हणत मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलं. टाळ्या वाजल्या. मीही खूश! समिती म्हणजे काय, हे विचारायचं मात्र माझ्या शिकलेल्या डोक्यात आलं नाही.

यंदाच्या जुलैतली गोष्ट. लेकीला ताप आला. दोन दिवसांनी शूच्या जागी दुखतं म्हणाली. डॉक्टरांनी तपासणी करून युरिन इन्फेक्शन सांगितलं आणि तिलाच विचारलं, ‘‘शाळेत पाणी पितेस का गं?’’

‘‘नाही. मुलींच्या बाथरूमला कुलूप आहे. पाणी नाही प्यायलं की जावं लागत नाही. आम्ही सगळ्याच असं करतो.’’

‘आम्ही सगळ्याच.’ सात वर्षांच्या मुलींनी आपापसात काढलेला तोडगा! आणि मला आठवली तिची पाण्याची बाटली. शाळेतली खिचडी आवडीनं खाऊन येणारी ही पोरगी बाटली मात्र रोज भरलेली परत आणायची. मी रोज ते पाणी झाडांना घालत होते. मनीप्लँट मस्त वाढला होता आमचा!

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून तरातरा शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंसमोर मनातलं सगळं भाषण म्हणून टाकलं. टॅक्स भरतो आम्ही, मुलींच्या जिवाशी खेळ, वगैरे वगैरे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून रजिस्टर काढलं. मार्चमधला ठराव. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती पूर्ण झाली असून काम समाधानकारक आहे.’ खाली सह्या. तिसरी सही माझी.

माझीच! त्या ‘के’च्या शेपटीसकट.

‘‘मार्चअखेर होती,’’ बाई खाली बघत म्हणाल्या. ‘‘बिल निघालं नसतं तर पैसे परत गेले असते. उरलेलं काम एप्रिलमध्ये करतो म्हणाला ठेकेदार. नंतर फोनच उचलत नाही. माझं चुकलंच. पण मॅडम, सही करण्याआधी कुणीतरी विचारेल असं मला वाटलं होतं.’’

ऑफिसमध्ये मी व्हेंडरचं पाचशे रुपयांचं बिलही तीनदा तपासते.

त्या रात्री शिक्षण हक्क कायदा वाचला. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मला त्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, की खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा वगैरे. पण कलम २१ म्हणतं, की सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला. शाळेच्या कामावर देखरेख ठेवायची, शाळेचा विकास आराखडा बनवायचा आणि आलेला पैसा कसा वापरला जातो हे बघायचं, ही सगळी या समितीची कामं. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी हे तर कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय. कलम ३२ नुसार लेखी तक्रार केली तर स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो.

म्हणजे मी तिथे पाहुणी नव्हतेच. फी भरणारा पालक स्वतःला गिऱ्हाईक समजतो आणि फुकट शिकवणारा उपकाराखाली दबतो. कायदा मात्र दोघांपेक्षा वेगळीच खुर्ची देतो, आणि माझी खुर्ची वर्षभर रिकामी होती.

पुढच्या शनिवारी समितीची खरीखुरी बैठक झाली. रिक्षावाले काका आले, नाइट ड्युटी करून एक सिक्युरिटी गार्ड दादा आले आणि कोपऱ्यावर भाजीचा गाडा लावणाऱ्या ताई आल्या. ताई म्हणाल्या, ‘‘मी मेंबर हाय, हे मला आजच कळलं. मला वाटायचं, खिचडीची सही घेत्यात.’’

मग बाईंनी ठरावाचं रजिस्टर पुढे सरकवलं, तशी ताईंनी त्यावर हात ठेवला. ‘‘मला भरभर वाचता येत न्हाई. आधी मोठ्यांदा वाचून दाखवा, मग सही.’’ दोन डिग्र्या घेऊन मला वर्षभर जे सुचलं नाही, ते ताईंना पहिल्या पाच मिनिटांत सुचलं.

आम्ही नवा ठराव केला. आधीचा ठराव चुकीचा होता, काम अपुरं आहे, ते पूर्ण करून घ्यावं. त्यासोबत कलमासकट पत्र लिहिलं आणि शिक्षण विभागाच्या कार्यालयात देऊन शिक्क्यानिशी पोच घेतली. बाईंना राग येईल असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, ‘‘बरं झालं. मी एकटीनं लिहिलं की ती कुरकुर ठरते.’’

पाच आठवडे लागले. तीन फेऱ्या, दोन हाफ डे आणि रिक्षावाल्या काकांचा बुडालेला धंदा. पण प्लंबर आला, पाइप बदलले, कुलूप निघालं. सगळं छान झालं असं अजिबात नाही. दुपारनंतर टाकीतलं पाणी संपतं. तो विषय पुढच्या बैठकीत आहे.

परवा लेकीची बाटली रिकामी आली. मनीप्लँटला आता नळाचं पाणी घालावं लागतं.

आणि शिपाईमामा? त्यांनीही डायलॉग बदललाय. परवा गेटवर रजिस्टर हातात घेऊन म्हणाले, ‘‘मॅडम, आज पाच मिनिटं जास्तीची काढून आलाय ना?’’