सात मतदारांचा राजा

 

निवडणूक आली की टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "यापेक्षा राजे होते तेच बरं होतं." वीसेक वर्षं नगरपालिका आणि बाजार समितीच्या निवडणुका कव्हर करतोय, त्यामुळे त्यामागचा वैताग मला कळतो. पण गंमत बघा, जर्मन मुलखात कित्येक शतकं राजाच निवडून यायचा. आणि पैसा तिथेही चालायचाच.

त्या राज्याचं नाव पवित्र रोमन साम्राज्य. आधी कोण मत देणार हेच पक्कं नव्हतं. १२५७ साली तर एकाच गादीवर दोन राजे निवडून आले, दोघंही परदेशी. एक इंग्लंडचा रिचर्ड, दुसरा स्पेनमधल्या कॅस्टिलचा अल्फोन्सो. हा अल्फोन्सो तर जर्मनीत कधी आलाच नाही! शेवटी १३५६ मध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सने 'गोल्डन बुल' नावाचा कायदा करून मतदार यादी पक्की केली. यादीत नावं किती? सात. माइन्झ, कोलोन आणि ट्रियरचे आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनकाठचा पॅलाटिन सरदार, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा सरदार. चार मतं पडली की राजा. उमेदवार स्वतःच मतदार असेल तर त्याने स्वतःला मत द्यायलाही हरकत नव्हती.

त्यांची आचारसंहिता मला फार आवडली. मतदान फ्रँकफुर्टला. प्रत्येक मतदाराने सोबत दोनशेच घोडेस्वार आणायचे, त्यातले हत्यारबंद फक्त पन्नास. बाहेरच्या माणसांनी त्या काळात शहर सोडायचं. आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर मतदारांना फक्त पाव आणि पाणी, राजा ठरेपर्यंत. आमच्याकडे सभापती निवडीआधी सदस्य सहलीला जातात, तिथे काय काय खायला मिळतं ते मी बातमीत कधी लिहिलं नाही, पण पाव-पाणी नक्कीच नसतं.

आता मूळ मुद्दा. १५१९ च्या जानेवारीत सम्राट मॅक्सिमिलियन गेला. रिंगणात त्याचा नातू चार्ल्स, वय १९, आणि फ्रान्सचा राजा फ्रान्सिस. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनेही चाचपणी केली. मग बोली सुरू झाली. चार्ल्सच्या बाजूने साडेआठ लाखांच्या आसपास सुवर्णनाणी खर्च झाली, त्यातली पाच लाखांहून जास्त ऑग्सबुर्गचा सावकार याकोब फुगर याची. ब्रांडेनबुर्गचा सरदार आणि माइन्झचा आर्चबिशप हे सख्खे भाऊ, म्हणजे एका घरात दोन मतं, आणि दोघांनी दोन्हीकडे घासाघीस केली. त्यातला आर्चबिशप आधीपासूनच फुगरचा कर्जदार. पद मिळवायला काढलेलं ते कर्ज फेडण्यासाठी जी पापमुक्तीपत्रं विकली गेली, त्यावरूनच १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर भडकला होता. २८ जूनला सातही मतं चार्ल्सला. चार्ल्स तेव्हा स्पेनमध्ये.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग फरक काय? सगळीकडे तेच.

फरक आहे, आणि त्याच्यासाठीच ही पोस्ट. त्या मतदारांनी नुसते पैसे घेऊन विषय संपवला नाही. त्यांनी चार्ल्सकडून लेखी वचननामा घेतला. परदेशी फौज साम्राज्यात आणायची नाही. पदं जर्मन माणसांनाच. सरकारी कागद जर्मन किंवा लॅटिनमध्ये. आणि बाजू ऐकून घेतल्याशिवाय कुणालाही साम्राज्याबाहेर काढायचं नाही. या शेवटच्या कलमाचा उपयोग दोनच वर्षांत झाला. पोपने ल्यूथरला बहिष्कृत केलं होतं, सम्राटाने तिथेच फतवा काढला असता तर विषय मिटला असता. पण सॅक्सनीच्या फ्रेडरिकने सुनावणीचा आग्रह धरला आणि १५२१ मध्ये ल्यूथर वर्म्सच्या सभेत सम्राटासमोर उभा राहून बोलला. शिक्षा नंतर झालीच, पण आधी ऐकून घ्यावं लागलं.

सगळी वचनं पाळली असंही नाही. १५४६ च्या युद्धात चार्ल्सने स्पॅनिश सैनिक आणलेच. पण मोडलेलं वचन कागदावर होतं, त्यामुळे ते दाखवून भांडता यायचं. पुढच्या प्रत्येक सम्राटाला असा कागद सही करावा लागला, अगदी १८०६ मध्ये साम्राज्य संपेपर्यंत. आपल्या वॉर्डात पाकीट घेणाऱ्याला मी अजून एकदाही विचारताना ऐकलं नाही की गटाराचं काय, लिहून दे. पाकीट घेतलं की आपलं तोंडही त्याच्याच खिशात जातं.

फुगरचं काय झालं, तर १५२३ मध्ये त्याने सम्राटाला सरळ पत्र लिहिलं, माझ्याशिवाय हा मुकुट मिळाला नसता, थकलेले पैसे व्याजासह द्या. सम्राटाने त्याला तुरुंगात टाकलं नाही. १५२५ पासून स्पेनमधल्या मोठ्या जमिनींचं उत्पन्न आणि अल्मादेनच्या पाऱ्याच्या खाणी फुगरकडे भाडेपट्ट्याने गेल्या.

१४०० साली याच मतदारांपैकी चौघांनी गादीवरच्या राजाला घरी बसवलं होतं. ती गोष्ट पुढच्या रविवारी.