गंगाखेडहून सुटीला!

दोस्तांनो, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे तुम्ही ऐकलंय ना? आज आपण त्याच परभणी जिल्ह्यातल्या एका गावाला जाऊ या. गावाचं नाव गंगाखेड.

परभणी स्टेशनवर परळीकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं. खिडकी मिळाली तर उत्तम! पोखर्णी नृसिंह मागे पडतं. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन. कुठं कापूस, कुठं तूर, हिवाळ्यात गेलात तर ज्वारीची उभी ताटं. मग एकदम गाडीचा आवाज बदलतो. धडधड, धडधड! पूल आला. खाली गोदावरीचं रुंद पात्र पसरलेलं. डब्यातल्या आज्या हात जोडतात, कुणी नाणं टाकतं. पूल संपला की आलंच गंगाखेड.

इथली माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत बरं का. ती म्हणतात ‘गंगा’. म्हणून तर गाव गंगाखेड! ‘दक्षिणकाशी’ असंही त्याला म्हणतात. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर ही नदी उगम पावते आणि 1465 किलोमीटर चालून पार बंगालच्या उपसागराला मिळते. संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसलात तर समोरून जाणारं पाणी नाशिकहून आलेलं असतं आणि समुद्राकडे निघालेलं असतं. गाव आपलं जागच्या जागी!

पण गावातली माणसं कुठं जागेवर बसतात? संत जनाबाई याच गावच्या. लहानपणीच त्या इथून निघाल्या आणि पंढरपूरला नामदेवांच्या घरी राहिल्या. दळण, कांडण, शेणी वेचणं, सगळी कामं करता करता त्यांनी अभंग रचले. आजही आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना गंगाखेडवरून जाते. टाळ-मृदंगाचा आवाज आला की पोरं धावत रस्त्यावर येतात. कुणी वारीला निघतं, कुणी लग्नाला, कुणी मामाच्या गावाला.

आणि कुणी कुणी आणखी एका प्रवासाला निघतं. तो प्रवास कुणालाच नको असतो.

समजा, तुमच्याच वर्गातला एक मुलगा आहे. सारखा ताप येतो, अंगावर निळे डाग पडतात, थकून जातो. डॉक्टर रक्त तपासतात आणि म्हणतात, ‘‘याला मुंबईला न्या.’’ मग परभणीहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस. सकाळी मुंबई. परळचं टाटा हॉस्पिटल. 1941 साली सुरू झालेल्या या रुग्णालयात साऱ्या देशातून कर्करोगाचे रुग्ण येतात. उपचार दोन-चार दिवसांचे नसतात, महिनोन् महिने चालतात. मग राहायचं कुठं? दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. 2006 साली सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्थाही बाहेरगावाहून आलेल्या मुलांना आईवडिलांसह मोफत ठेवून घेते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या तिकिटात सवलतही मिळते.

आता गंमत पाहा, खरं तर गंमत नाही ही. तुम्ही मुंबईला जाऊन आलात की काय सांगता? राणीचा बाग, चौपाटी, दुमजली बस! आणि हा मुलगा? त्याची मुंबई म्हणजे सुई, सलाइन, रांग आणि गळणारे केस. समुद्र जवळच आहे, पण तो पाहिलेलाच नाही. तिकडे गंगाखेडला त्याची धाकटी बहीण आजीपाशी राहिली आहे. तिला तर आई किती तरी दिवस भेटलेली नाही. बाबांची शेतीची कामं अडली आहेत, पैसे औषधाला चालले आहेत. आजार एकाला झाला, पण सुटी सगळ्या घराची गेली!

मुलानं विचारलं, ‘‘आपण समुद्र बघायला कधी जायचं?’’ तर मोठी माणसं काय म्हणतात? ‘‘आधी बरा हो राजा, मग जाऊ.’’

किती मायेनं म्हणतात! आणि त्यांचं चुकतं असंही नाही. औषध पहिलं. पण ‘मग’ म्हणजे नक्की कधी, हे कुणालाच ठाऊक नसतं. या ‘मग’शी झुंज घेणारी माणसं जगात आहेत. त्यांची गोष्ट ऐका.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्स नावाचं शहर आहे. तिथं ख्रिस ग्रीशियस नावाचा सात वर्षांचा मुलगा होता. त्याला रक्ताचा कर्करोग होता. त्याला पोलीस व्हायचं होतं. ‘मोठा झाल्यावर हो’ असं म्हणायला वेळ नव्हता. तेव्हा 29 एप्रिल 1980 रोजी तिथल्या पोलिसांनी त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवलं आणि आपल्यात सामील करून घेतलं. त्याच्या मापाचा खराखुरा गणवेश शिवून दिला! 3 मे रोजी तो गेला. ज्यांनी हे केलं, त्यांना वाटलं, असं आणखी मुलांसाठी का करू नये? त्यातून ‘मेक-अ-विश’ ही संस्था उभी राहिली. मेक-अ-विश म्हणजे ‘इच्छा सांग’!

दुसरी गोष्ट फ्लोरिडातली. हेन्री लँडवर्थ नावाचे एक हॉटेलमालक होते. त्यांचं स्वतःचं लहानपण हिटलरच्या छळछावण्यांत गेलं होतं. आजारी मुलांची कुटुंबं डिस्नेची नगरी पाहायला आली की ते आपल्या हॉटेलात त्यांना फुकट खोली देत. एकदा अशीच एक सहा वर्षांची मुलगी येणार होती. पण तिकिटं, परवानग्या, इकडची सोय, तिकडची सोय यात दिवस गेले. ती पोचण्याआधीच वारली. खोली रिकामी राहिली.

लँडवर्थना ते सहन झालं नाही. पुन्हा कुठलंही मूल सोय नाही म्हणून थांबायला नको, असं त्यांनी ठरवलं. 1986 साली काम सुरू झालं आणि 1989 साली आजारी मुलांसाठी एक अख्खं गाव उभं राहिलं! त्याचं नाव ‘गिव्ह किड्स द वर्ल्ड’. आजवर दीड लाखाहून जास्त कुटुंबं तिथं राहून गेली आहेत. आई, बाबा, भाऊ, बहीण सगळ्यांना आठवडाभर सगळं मोफत. त्या गावचा नगराध्यक्ष कोण ठाऊक आहे? एक भलामोठा ससा! आइस्क्रीम सकाळी उठल्या उठल्या मागितलं तरी मिळतं. आणि नाताळ? तो डिसेंबरची वाट बघत नाही. दर आठवड्याला नाताळ येतो! मुलं आठवडाभरच राहणार ना, मग त्यांचा सण चुकायला नको.

ही हवा आपल्याकडेही आली. उदय आणि गीता जोशी यांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. डिस्नेची नगरी पाहायची त्याची इच्छा अमेरिकेतल्या मेक-अ-विशनं पुरी केली होती. तो मुलगा पुढं राहिला नाही. पण जोशी दांपत्यानं 1996 साली मुंबईत मेक-अ-विश इंडिया सुरू केली. तीन ते अठरा वर्षांच्या, गंभीर आजार असलेल्या मुलांची इच्छा ही संस्था विचारते. कुणाला सायकल हवी असते, कुणाला आवडत्या नटाला भेटायचं असतं, कुणाला एक दिवस पोलीस व्हायचं असतं, तर कुणाला घरच्यांबरोबर कुठंतरी जायचं असतं. विचारायचं मात्र मुलालाच हं! ‘आमच्या बाळाला हे आवडेल’ असं मोठ्यांनी परस्पर सांगायचं नाही.

अशी सहल काढणं सोपं नसतं. आधी डॉक्टरांचा होकार लागतो. कर्करोगाच्या औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. याच पेशी रोगजंतूंशी लढत असतात. त्या कमी असतील तर साधी सर्दीही महागात पडते. म्हणून आधी रक्ताची तपासणी, मग तारीख. गर्दीत जायचं नाही, तोंडाला मास्क, पाणी उकळून, उघड्यावरचं खायचं नाही. औषधांची पिशवी आणि जवळच्या हॉस्पिटलचा पत्ता बरोबर हवाच. इतकं सगळं सांभाळून निघायचं.

आईबाबांनो, तुम्हीही हे वाचत असाल. असं सहलीचं बोलणं निघालं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. ‘‘म्हणजे आता आशा उरली नाही की काय?’’ तसं मुळीच नाही. मुलांचे अनेक कर्करोग आज वेळेवर उपचार झाले तर बरे होतात. अशा सहली करून आलेली कितीतरी मुलं पुन्हा शाळेत जातात, मोठी होतात. सहल म्हणजे निरोप नव्हे. आणि सगळीच मुलं बरी होत नाहीत, हेही खरं आहे. पण त्या आठवड्यात मूल ‘पेशंट’ नसतं, नुसतं मूल असतं. धाकटी बहीण पुन्हा त्याच्याशी खिडकीसाठी भांडते! हे भांडण बरं झाल्यावरच करायचं, असा नियम कुठं आहे?

आता पुन्हा गंगाखेडला येऊ. इथल्या मुलाला समुद्र पाहायचा असेल. पण मुंबईतल्या एखाद्या आजारी मुलीला विचारा, ती कदाचित म्हणेल, ‘‘मला आजीच्या गावी गंगाखेडला जायचंय. पुलावरून धडधडत जायचंय. घाटावर बसून दिवे बघायचेत.’’ तिला नदीत डुंबायला मिळणार नाही, कारण ते पाणी तिला सोसणार नाही. पण पायरीवर बसून पाणी बघायला काय हरकत आहे? जनाबाईंच्या मंदिरात गर्दी नसेल तेव्हा जाऊन यायचं. आजीच्या हातची गरम भाकरी खायची. या सुटीला विमान लागत नाही. लागतो तो डॉक्टरांचा होकार, थोडी जमवाजमव आणि ‘मग जाऊ’ न म्हणणारी माणसं.

आणि तुम्ही काय करणार? तुमच्या वर्गातलं, आळीतलं कुणी फार दिवस आजारी असेल तर त्याच्याकडे जा. कर्करोग शिवल्यानं होत नाही, शेजारी बसल्यानं होत नाही. उलट तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर तुम्हीच त्या दिवशी जाऊ नका. त्याला ‘बिचारा’ म्हणू नका. वर्गात काय काय झालं ते सांगा, कोण पडलं, कोणाला ओरडा बसला, सगळं! त्याच्या बहिणीलाही खेळायला बोलवा. तिच्याकडे लक्ष द्यायला सध्या कुणाला वेळ नसतो.

दिवाळीत तो हॉस्पिटलात असेल तर? तो घरी येईल त्या दिवशी दिवाळी करा. आकाशकंदील काय, चैत्रातही लागतो! शेजारचे विचारतील, ‘‘आज कसली रे दिवाळी?’’ तर सांगा, ‘‘आमचा दोस्त घरी आलाय.’’

आणि हो, जाल तेव्हा त्याला एक प्रश्न नक्की विचारा. ‘‘तुला कुठं जायला आवडेल?’’ तो लगेच सांगणार नाही. इतके दिवस त्याला कुणी असं विचारलेलंच नसतं ना! गप्प बसेल, छताकडे बघेल. तुम्ही घाई करू नका. थांबा थोडं. सांगेल तो.