दोन चेंडूंपैकी आतला

आम्ही त्या मुलाला रागावलो ते पाण्यावरून. स्टाफरूममध्ये पाहुणे बसले होते. व्हरांड्यातून चाललेल्या आठवीतल्या एका मुलाला आम्ही हाक मारली आणि जगमधले पाणी ग्लासांत ओतायला सांगितले. त्याने ते ग्लासाच्या शेजारी, थेट टेबलावर ओतले. हजेरीपट भिजला. "लक्ष कुठे आहे तुझं?" आम्ही पाहुण्यांदेखत ओरडलो. तो एक शब्द बोलला नाही. रुमालाने टेबल पुसले आणि निघून गेला.

त्याचा उजवा डोळा त्या वर्षीच्या मे महिन्यात विटी लागून गेला होता. हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. आम्ही त्याचे वर्गशिक्षक. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात त्याची अम्मी येऊन सांगून गेली होती, "सर, याला मैदानावर पाठवू नका. एवढी मेहेरबानी करा." आम्ही लगेच मान डोलावली. खेळाच्या तासाला त्याच्या हाती स्कोअर लिहायची वही दिली, झाडाखाली बसवले आणि आपल्या हातून काही सवाबाचे काम झाले अशा समाधानात घरी गेलो. त्याआधीच्या वर्षी हा मुलगा शाळेच्या संघात सलामीला जात असे. वही सुरेख ठेवायचा. मान मात्र वर करीत नसे.

त्या रात्री टेबलावर सांडलेले ते पाणी डोक्यातून जाईना. असे पाणी आपण कुठे तरी वाचले आहे, असे सारखे वाटत राहिले. मग आठवले. बी.एड. करताना पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आम्ही एक इंग्रजी पुस्तक उचलले होते, मन्सूर अली खान पतौडी यांचे 'टायगर्स टेल'. १९६९ सालचे. इंग्रजी आमचे बेताचे, त्यामुळे अर्धे वाचून ट्रंकेत टाकलेले. ते काढले. डोळा गेल्यानंतरच्या दिवसांविषयी त्यांनी लिहिले आहे की सिगारेट पेटवायला जावे तर काडी टोकाच्या अलीकडेच राही, आणि जगमधून ग्लासात पाणी ओतावे तर ते टेबलावर पडे. एका डोळ्याला वस्तू दिसते, पण ती किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. तो दोन डोळ्यांच्या जोडीने येतो. आम्ही विज्ञान शिकवतो. हा धडाही शिकवला आहे. तरी रागावलो.

पतौडींची हकिकत वाचकांना मोघम माहीत असेलच, पण तारखा पाहाव्यात. १ जुलै १९६१. इंग्लंडमध्ये होव्ह या गावी दिवसाचा खेळ आटोपून ऑक्सफर्डचा हा वीस वर्षांचा कर्णधार एका सहकाऱ्याच्या मोटारीत बसला. मोटारीला अपघात झाला आणि समोरच्या काचेचा तुकडा उजव्या डोळ्यात घुसला. ऑपरेशन झाले, पण त्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे सहा महिनेही झाले नव्हते, तो दिल्लीला भारताकडून पहिली कसोटी खेळत होता. जानेवारी १९६२ मध्ये मद्रासला शतक. ती मालिका भारताने २-० अशी जिंकली. इंग्लंडविरुद्धचा तो आपला पहिला मालिकाविजय.

या दोन टोकांच्या मध्ये हैदराबादचा एक सामना आहे. आम्हांला सगळ्यांत जास्त तोच आवडतो. एम.सी.सी.विरुद्ध अध्यक्षीय संघाचे ते कर्णधार होते. अधू डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घालून खेळायला उतरले, तर दोन चेंडू दिसू लागले, एकमेकांपासून सहा-सात इंचांवर. मग त्यांनी ठरवले, दोघांपैकी आतला खरा धरायचा. तसे खेळत चहापानापर्यंत ३५ धावा केल्या. चहानंतर लेन्स काढून टाकली, तो डोळा मिटूनच घेतला, आणि ७० पर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास बाजूला ठेवून आम्ही हे वर्गात सांगितले. कोणाकडे न पाहता सांगायचे ठरवले होते, पण सगळ्या वर्गाने मागे वळून त्याच्याकडेच पाहिले. मुले अशा बाबतीत फार स्पष्ट असतात. त्यांचा आवडता सिराज, बुमराह, कोहली. पतौडी हे नाव त्यांना सैफ अली खानचे अब्बा म्हणून माहीत. सरासरी किती, असे एकाने विचारले. ४६ कसोटी, सहा शतके, सरासरी पस्तिसाच्या जवळपास. "पस्तीसच, सर?" वर्ग हसला. कर्णधार म्हणून ४० सामने, त्यांत ९ जिंकले, १९ हरले. आणखी हशा.

तेवढ्यात मागच्या बाकावरून तो म्हणाला, "सर, मला तर एकच बॉल दिसतो. मग मला सोप्पं आहे ना?"

महिन्याभरात आम्ही ऐकलेले त्याचे हे सर्वांत लांब वाक्य.

आमचे अब्बा तरुणपणी मुंबईच्या गोदीत कामाला होते. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर पहिलीच कसोटी झाली, वेस्ट इंडीजविरुद्ध. एक दिवस रजा टाकून ते गेले होते. पतौडींची ती शेवटची कसोटी ठरली. तोवर नवाबी गेली होती. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे आणि किताब रद्द झाले आणि ते नुसते मन्सूर अली खान म्हणून खेळू लागले. त्याच साली, निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने, कर्णधारपदही वाडेकरांकडे गेले होते. ते या मालिकेसाठी परत मिळाले. पहिले दोन सामने हरून कलकत्ता आणि मद्रास जिंकले, मालिका २-२ वर आणून मुंबईला आले, आणि मुंबईत हरले. अब्बांना खेळापेक्षा उजव्या डोळ्यावर ओढलेली ती टोपी आठवते. गोदीतले सोबती त्यांना "काय, तुमचा पतौडी हरला!" म्हणाले, तेव्हा अब्बांनी उत्तर दिले, "आपला म्हणा." एवढेच. ही गोष्ट अब्बांनी आम्हांला इतक्यांदा सांगितली आहे की आता ती पतौडींची राहिली नसून अब्बांची झाली आहे.

पण अब्बा नकळत नेमके बोलले होते. त्या काळी संघात मुंबईचे मुंबईकरांत आणि दक्षिणेचे दक्षिणेत बसत. तुम्ही आधी भारताचे खेळाडू आहात, ही जाणीव पतौडींनी दिली, असे बिशनसिंग बेदींनी पुढे अनेकदा सांगितले. वेगवान गोलंदाज नाहीत म्हणून रडत न बसता त्यांनी फिरकीच हत्यार केली. १९६८ साली न्यूझीलंडमध्ये ३-१ असा विजय मिळाला, परदेशातली आपली पहिली जिंकलेली मालिका. आणि चंद्रशेखर! लहानपणी पोलिओने उजवा हात बारीक झालेला, त्याच हाताने गोलंदाजी. जानेवारी १९६४ मध्ये मुंबईला तो पहिली कसोटी खेळला तेव्हा कर्णधार पतौडीच होते. त्याच वर्षी दसऱ्याच्या दिवशी ब्रेबोर्नवर ऑस्ट्रेलियाला दोन गड्यांनी हरवले. चंद्राचे दोन्ही डावांत चार-चार बळी, पतौडींच्या ८६ आणि ५३. एक डोळा कमी असलेला माणूस एक हात अधू असलेल्याच्या हाती चेंडू देतो, आणि मैदानावर कोणी कोणाला झाडाखाली बसवत नाही. हे वाचून आम्हांला आमची ती स्कोअरची वही आठवली.

आम्ही त्याच्या घरी गेलो. अम्मीने चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला, "सर, दुसराही गेला तर?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू लागून नरी कॉन्ट्रॅक्टरांची कवटी फुटली. त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत विरुद्ध संघाचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच २१ वर्षे ७७ दिवसांचे पतौडी, हेल्मेट नसलेल्या त्या काळात, एका डोळ्याने वेस हॉलसमोर उभे राहिले, तेही कर्णधार म्हणून. एवढ्या लहान वयात तोवर कोणी कसोटी कर्णधार झाले नव्हते. तो विक्रम २००४ पर्यंत टिकला. ही हकिकत आम्ही अम्मीला सांगितली नाही. सांगितली असती तर चहाही मिळाला नसता.

डॉक्टरांना विचारायचे ठरले. त्यांनी न फुटणारा चष्मा सुचवला, टेनिसच्या चेंडूपुरती परवानगी दिली आणि विटी-दांडूवर कायमची बंदी घातली. अम्मी "ठीक आहे" म्हणाली, पण पहिल्या दिवशी मैदानाच्या गडग्यापाशी उभी होती.

पहिले तीन चेंडू तो साफ चुकला. चौथ्यावर त्रिफळा. मुले हसली नाहीत, त्याने त्याला अधिकच लागले असावे. आठवडाभर हेच चालले. मग त्याने उभे राहण्याची पद्धत बदलली, छाती गोलंदाजाकडे जास्त वळवली, म्हणजे डाव्या डोळ्याला नाक आडवे येणार नाही. हे त्याला आम्ही शिकवले नाही. आम्हांला येतच नव्हते. श्रावणात, जांभ्याच्या निसरड्या मैदानावर, वरच्या आळीच्या मुलांविरुद्ध त्याने ११ धावा केल्या आणि दोन झेल सोडले. झेल अजून सुटतात.

२२ सप्टेंबर २०११ ला पतौडी गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे नेत्रदान झाले. हे आम्ही स्टाफरूममध्ये बोललो, तर जायज की नाजायज यावर मधली सुट्टी संपली. तो वाद चालू असताना तोच मुलगा खडू न्यायला आला. आम्ही काही म्हणायच्या आत त्याने जग उचलला, त्याची चोच ग्लासाच्या काठावर टेकवली, टेकल्याचा आवाज ऐकला आणि मग ओतले. सगळ्यांना एकेक ग्लास दिला. हजेरीपट त्याने आधीच उचलून बाजूला ठेवला होता.