जुन्या पिकअपची परीक्षा

गेल्या महिन्यात बँकेतून तीन लाख रुपये काढले. काउंटरवरचा मुलगा माझाच विद्यार्थी. हळूच म्हणाला, "सर, ऑपरेशन वगैरे आहे का काही?" म्हटलं, "नाही रे, पिकअप घ्यायचीय." तो एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या काठीकडे बघत राहिला. सायकलपलीकडे मला काही चालवता येत नाही, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक आहे.

पिकअप पुतण्यासाठी. आम्ही दोघे भाऊ. वडिलांची ऐपत एकालाच शिकवण्याची होती, म्हणून मी बी.ए. होऊन मास्तर झालो आणि धाकटा चिखली तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू शेतात राहिला. चार वर्षांपूर्वी तो गेला. त्याचा हा मुलगा माझ्याच शाळेत दहावीला गणितात नापास झाला होता. निकालाच्या दिवशी मी भावाला, पोरगा समोर उभा असताना, म्हणालो होतो, "याच्या डोक्यात काही शिरायचं नाही. नाद सोड." भाऊ काही बोलला नाही. पोरगाही नाही.

असो.

पुतण्या गेली काही वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. सोयाबीन चिखलीच्या बाजारात न्यायचं, टोमॅटो-कोबी घेऊन राजूर घाट उतरायचा आणि मोताळ्यावरून मलकापूर गाठायचं. आमच्या बुलडाणा जिल्ह्याचे मुळात दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. मधल्या या घाटाने कित्येकांचं पोट भरलं आणि कित्येकांच्या गाड्यांचे ब्रेक खाल्ले. आता त्याला स्वतःची गाडी हवी होती. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी.

पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, जुनी कशाला? लोन काढून नवी घ्या. आणि बघा, बिनगिअरची मिळते का. हल्ली गिअर बदलत कोण बसतं?" त्याच्या गाडीत क्लचच नाही. सिग्नलला डावा पाय आराम करतो म्हणे.

हे मी पुतण्याला सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, "मोठेबाबा, आपल्या बजेटात जुनी पिकअप म्हणजे गिअरवालीच. अन् मिळाली असती तरी मी घेतली नसती." मग त्याने कारणं सांगितली. बॅटरी उतरली तर चार माणसांनी धक्का द्यायचा, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा, गाडी सुरू. क्लच प्लेट गेली तर गावातला मिस्त्री बदलून देतो, शहरात न्यावी लागत नाही. आणि तिसरं कारण घाटाचं. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेकला दमवावं लागत नाही. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर लायनर तापतात, आणि तापलेले लायनर नेमके शेवटच्या वळणावर दगा देतात. जुने एसटी ड्रायव्हर हेच सांगायचे. मी आयुष्यभर त्यांच्या मागच्या बाकावर बसून पेपर वाचला!

घरात आणखी एक शंका निघाली. त्याचं लायसन साधं, हलक्या वाहनाचं. मालवाहू गाडी चालेल का? तर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते स्पष्ट केलेलं आहे. ७५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. हे मात्र मी शोधून काढलं. माझाही थोडा हातभार लागला म्हणायचा.

पहिली गाडी बघायला गेलो. (कंपन्यांची आणि माणसांची नावं मुद्दामच लिहीत नाही.) गाडी अशी चकचकीत की वरात काढावी. सीटला नवं कव्हर, आरशाला गोंडे, किलोमीटर जेमतेम साठ हजार. मी तर मनातल्या मनात पास करून टाकली. चाळीस वर्षं वह्या तपासल्या, पण सुबक कव्हर घातलेली वही दिसली की मन आधीच झुकतं, ही खोड काही गेली नाही.

पुतण्याने आधी बोनेटवर हात ठेवला. "गरम हाय. आपून याच्या आधीच चालू करून ठेवली." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "गाडी नेहमी थंडी असतानाच पाहा लागते. खरं इंजिन सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच बोलते." त्याने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. आतून भकाभका धूर. याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेली हवा खाली उतरते आणि इथून बाहेर पडते. मग तो गाडीखाली शिरला. चेसिसवर ताजा काळा रंग, आणि रंगाखाली वेल्डिंगची गाठ. मागच्या पाट्यांत एक पान जास्तीचं, म्हणजे गाडीने कुवतीबाहेर माल ओढलेला. शेवटी ब्रेकच्या पॅडलचं रबर दाखवलं, पार गुळगुळीत. "साठ हजारात एवढं घासत नाही, मोठेबाबा. काटा मागं फिरवला हाय."

मी गप्प बसलो. कव्हर काढल्यावर वहीत सगळी लाल शाईच निघावी, तसं झालं.

दुसरी गाडी देऊळगाव राजाकडच्या एका शेतकऱ्याची. २०१९ ची. दिसायला यथातथाच, हौद्याला पोचे, दाराला ओरखडे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहाचे नियम लागले. त्याआधीच्या गाडीचं काम आपला मिस्त्री कमी हत्यारांत करतो, असं पुतण्याचं मत. आम्ही सकाळी सातलाच पोचलो. गाडी थंडगार. मालकाने चहा दिला आणि आपणहूनच म्हणाला, "एक सांगून ठेवतो. दुसरा गिअर थंडीत थोडा खरखरते. क्लच प्लेट मागल्या वर्षी टाकली. बाकी तुमी पाहून घ्या."

पुतण्याने पाहून घेतलं. हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन धाडकन बंद पडलं. मला वाटलं, ही नापास! तर हेच बरोबर उत्तर होतं म्हणे. इंजिन तसंच फिरत राहिलं असतं, तर प्लेट घसरतेय असं समजायचं. मग आम्ही बराच लांब चक्कर मारला. चढावर, उतारावर, गिअर आपोआप सुटतो का, मागून क्राऊनचा आवाज येतो का. दुसरा गिअर खरंच खरखरला. मी विचारलं, हे का होतं? तो म्हणाला, "चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी दोन पावलं गाडीसंगं पळते ना, मंग दांडी धरते. गिअरमधली सिंक्रो रिंग तेच काम करते. दोघांचा स्पीड सारखा करते, मंग दात बसतात. ती झिजली की खरखर."

चाळीस वर्षं शिकवलं, पण इतकं नेमकं उदाहरण मला फार कमी वेळा सुचलं असेल.

कागदांचं काम माझ्याकडे आलं. चेसिस नंबर आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा होता, तो उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि कर्ज देणाऱ्याचं ना हरकत पत्र आधी मागितलं. नावावर करायला नमुना २९ आणि ३०. चलनं भरलेली आहेत ना, विमा चालू आहे ना, हे पाहिलं. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं, म्हणजे २०२७ पासून तो दरवर्षीचा खर्च धरून ठेवला. चार लाख ऐंशी हजारांत सौदा झाला. माझे तीन लाख, बाकीचे त्याचे. दरमहा पाच हजार परत करणार आहे. मी नको म्हणालो, तर त्याने स्वतःच वही आणून माझ्यासमोर ठेवली.

पहिल्या खेपेला मला सोबत चला म्हणाला. टोमॅटोची पन्नास कॅरेट भरलेली. राजूर घाट सुरू झाला, तसा त्याने तिसऱ्यातून दुसऱ्यावर आणला. जरासा खरखरला. इंजिनचा आवाज चढला, गाडी मात्र आवरली. ब्रेकवर त्याचा पाय क्वचितच जात होता. दोन वळणं मी ते नुसतं बघत होतो. मग म्हणालो, "तुझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी जे बोललो होतो ना..."

"मोठेबाबा," तो समोरच बघत म्हणाला, "पुढं वळण हाय. दांडी धरून बसा."

मी दांडी धरली.