कंप राखायचा किती?

टॅब्लेटवर पेन चालतं तेव्हा कॉम्प्युटरला रेघ कळत नाही, ठिपके कळतात. सेकंदाला दोनशेच्या आसपास ठिपके येतात आणि प्रत्येकासोबत दाब, पेन किती कललं आहे त्याचा कोन आणि वेळ. हात मात्र सलग चाललेला असतो. त्या सुट्या ठिपक्यांतून सलग रेघ पुन्हा उभी करायची, आणि तीही हात पुढे निघून जायच्या आत, हे माझं काम. चित्रकारांसाठी ब्रशचा कोड लिहिणाऱ्याला इतर शंभर गोष्टी कराव्या लागतात. पण कस लागतो तो इथे.

ठिपके सरळ रेषांनी जोडले तर भराभर घेतलेल्या वळणाला कोपरे पडतात, म्हणून त्यांच्यामधून वक्र नेतात. असल्या वक्रांचं गणित फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांत घडलं. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए गाडीच्या पत्र्याचा आकार नेमका सांगता यावा म्हणून त्यामागे लागले होते. आज त्याच घराण्यातल्या वक्रांवरून आम्ही ब्रशचे ठसे उमटवत जातो. ठसे पुरेसे जवळ पडले की डोळ्याला रंगाचा सलग फटकारा दिसतो.

खरा पेच कंपाचा. टॅब्लेटच्या मोजणीत थोडी थरथर असते, ती कुणालाच नको असते. हाताचीही थरथर असते, पण तिच्यात चित्रकाराचं बरंच काही असतं: दबकत काढलेली रेघ, ठाम रेघ, वयाने सैल झालेली रेघ. यंत्राची थरथर काढताना हाताची शाबूत ठेवायची, आणि दोन्ही येतात त्याच आकड्यांतून. झेरी काझिए, निकोला रूसेल आणि डॅनिएल व्होगेल यांनी 2012 मध्ये ‘वन युरो फिल्टर’ नावाची युक्ती मांडली, ती मला फार आवडते. हात हळू असेल तेव्हा थरथर जास्त जाणवते, म्हणून तिथे जास्त गुळगुळीत करायचं. हात वेगात असेल तेव्हा उशीर जास्त जाणवतो, म्हणून तिथे गुळगुळीत करणं आवरतं घ्यायचं. कारण प्रत्येक गुळगुळीतपणाची किंमत उशिरात मोजावी लागते. आधीच्या ठिपक्यांची सरासरी काढत बसलं की रेघ पेनाच्या मागे रेंगाळते.

क्रिता या मुक्त चित्रप्रणालीत यासाठी पर्याय आहेत: काहीच नको, साधं, वजनी आणि स्टॅबिलायझर. कॉमिक्सला शाई चढवणाऱ्याला केसांची लांब बट एका दमात ओढायची असते, त्याला स्टॅबिलायझर हवाच. पण शिकणाऱ्या मुलांनी पहिली काही वर्षं तो बंद ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. हात तयार व्हायच्या आधीच रेघ तयार मिळाली, तर हाताला तयार व्हायचं कारणच उरत नाही.

मी स्वतः क्रिताकडे वळले ती बोरूमुळे. देवनागरीसाठी बोरूचं टोक तिरपं कापतात, आणि तो तिरपेपणा लॅटिन सुलेखनाच्या टाकापेक्षा उलट्या बाजूचा असतो. जाड-बारीकपणाचा सगळा तोल त्याने बदलतो. मी पाहिलेले तयार सुलेखन-ब्रश बहुतेक लॅटिनचा कोन धरून आलेले होते. कोन फिरवणं सोपं, एक आकडा बदलायचा. अडचण त्यानंतर निघाली. दोन ठशांमधलं अंतर साधारणपणे ब्रशच्या मापाच्या टक्केवारीत धरतात. गोल ब्रशला ते चालतं. बोरूचा ठसा लांबट आणि पातळ. अंतर त्याच्या लांबीवरून धरलं, तर जाड फटकाऱ्याच्या दिशेने जाताना ठसे एकमेकांना टेकतच नाहीत आणि रेघेला फणीसारखे दाते पडतात. अंतर जाडीवरून धरलं तर दाते जातात, पण ठशांची संख्या एवढी वाढते की मशीन धापा टाकतं. शेवटी मी ठसे सोडले आणि टोकाची सपाट कड एका जागेहून दुसरीपर्यंत ओढत नेली की मधे जेवढा भाग झाकला जातो, तेवढा रंगवू लागले. डोनाल्ड क्नुथ यांनी मेटाफाँटमध्ये अक्षरं घडवताना आभासी लेखणी मार्गावरून ओढत नेली होती, त्याच जातीचा हा विचार. र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकाराने मुंबईत मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ फाँट घडवला होता, हे आठवलं की बोरू आणि कोड एका टेबलावर येऊ शकतात याची खात्री पटते.

हे मला घरबसल्या करता आलं, कारण क्रिताचा कोड खुला आहे. प्रकल्प 1999 च्या सुमाराचा. पण त्याला आजचं वळण मिळालं ते चित्र काढू पाहणाऱ्या माणसांमुळे. बाउदेवाइन रेम्प्ट 2003 मध्ये त्यात आले, ते आपल्या कल्पित जगाचा नकाशा वॅकॉम टॅब्लेटवर काढायचा होता म्हणून. पुढे 2009 च्या आसपास या मंडळींनी फोटो-दुरुस्तीपासून सगळं करू पाहण्याचा नाद सोडून चित्रकाराच्या कामावर लक्ष एकवटलं. डेव्हिड रेव्हॉय यांच्यासारखा चित्रकार त्यावर ‘पेपर अँड कॅरट’ हे कॉमिक रंगवतो आणि काय अडतं तेही सांगतो. साधन असंच वाढावं. आठ हजार एकशे ब्याण्णव दाब-पातळ्यांची जाहिरात वाचून ते वाढत नाही.

माझा बोरू सुलेखनाच्या सरांना दाखवला तेव्हा त्यांनी एक ‘श्री’ काढला, काढून झाल्यावर वेलांटीच्या वळणावर बोट ठेवलं. “अगं, इथे मी थांबलो होतो. ते थांबणं कुठे गेलं?” त्यांचं बरोबर होतं. कागदावर बोरू क्षणभर थांबला की तिथे शाई साचते आणि अक्षराचा श्वास दिसतो. माझ्या ब्रशला फक्त अंतर कळत होतं, वेळ कळत नव्हता. पेन हललं नाही, म्हणजे त्याच्या लेखी काही घडलंच नाही. एअरब्रशला वेळेची जाण द्यावीच लागते, बोरूला मात्र ती देण्याचं कुणाच्या मनात आलेलं मला दिसलं नाही.

आता तेच चाललं आहे. थांबलेल्या जागी शाई किती वाढावी, कडेने किती झिरपावी, आणि बोरूत उरलेली शाई त्यामुळे किती कमी व्हावी, म्हणजे पुढचा काना थोडा कोरडा येईल. दाबाने रुंदी वाढवायची नाही, हे नक्की केलं आहे. बोरूचं टोक टाकासारखं फाकत नाही, दाबल्यावर शाई अधिक उतरते. हातकागद आणि गुळगुळीत कागद यांवर ती वेगळी पसरते, म्हणून दोन्हींवर एकच ‘श्री’ लिहून त्याचं स्कॅनिंग करते आहे. सरांनी कापून दिलेले तीन रुंदीचे बोरू टेबलावर आहेत. सर्वांत रुंद बोरू शाई सर्वांत लवकर संपवतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.