प्रतिज्ञेतला देव

अमेरिकेच्या झेंड्याच्या प्रतिज्ञेत ‘अंडर गॉड’ येतं, आणि इथल्या बऱ्याच लोकांना वाटतं ते पहिल्यापासूनच आहे. अजिबात नाही! प्रतिज्ञा १८९२ ची, फ्रान्सिस बेलामीची. तो स्वतः बाप्टिस्ट पाद्री, तरी त्यानं त्यात देव घातला नव्हता. देव आला १९५४ मध्ये, आयझेनहॉवरच्या सहीनं. समोर ‘नास्तिक’ सोव्हिएत रशिया होता ना! म्हणजे भक्ती कमी, राजकारण जास्त.

प्रतिज्ञा म्हणायची सक्ती नाही, हे मान्य. सुप्रीम कोर्टानं १९४३ लाच तसं सांगितलंय. गंमत म्हणजे तो खटला नास्तिकांनी नाही, जेहोवाज विटनेस या पंथाच्या श्रद्धाळू ख्रिश्चनांनी लढवला. पण न्यू जर्सीतल्या वर्गात सगळे छातीवर हात ठेवून उभे असताना आमची सहा वर्षांची मुलगी एकटी गप्प राहील? कोर्टाचा कागद तिच्या काय कामाचा?

आमच्या घरी गणपती बसतो, आरत्या दणक्यात होतात. देवाशी भांडण नाहीच. पण आपल्या शाळेतल्या प्रतिज्ञेत देव नाही, म्हणून आपलं देशप्रेम काही कमी पडलं नाही. आमदार-खासदारांनासुद्धा शपथ ‘ईश्वरसाक्ष’ घ्यायची की ‘गांभीर्यपूर्वक’, हे संविधानानं त्यांच्यावरच सोडलंय. तेवढी मोकळीक पहिलीतल्या पोरांनाही द्या की!