पितळेची मान

ग्वाल्हेरच्या कलेक्टर कचेरीत आमच्या नोकरीचा बराच काळ शस्त्र-परवान्यांच्या फायलींत गेला. चंबळच्या बाजूचा तो मुलूख. बंदुकीचा परवाना तेथे जमिनीच्या पट्ट्याइतकाच प्रतिष्ठेचा. काडतुसे किती घेतली, किती उडविली, याचा हिशेब आम्ही वर्षानुवर्षे तपासला. परंतु रित्या पुंगळीकडे कधी निरखून पाहिले असेल तर शपथ!

तो योग आला २०११ साली, पेन्सिल्व्हेनियात, कन्येच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे. ते बेंचरेस्ट नेमबाज. मेजावर रायफल टेकवून शंभर यार्डांवर पाच गोळ्या झाडायच्या आणि पाचांचे मिळून शक्यतो एकच छिद्र पाडायचे, असा हा खेळ. काडतुसे ते स्वतः भरीत. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून हा उद्योग गुन्हा, हे आमच्यातील सरकारी माणसाने मनोमन नोंदविलेच.)

त्यांचे काडतूस ६ पीपीसी. पाल्मिसानो या शल्यचिकित्सकाने आणि पिंडेल या कारागिराने १९७० नंतरच्या दशकात सिद्ध केलेले. पितळ दाबून, ओढून पुंगळी घडवितात. त्यामुळे गोळी धरून ठेवणारी तिची मान एकीकडे जाड, एकीकडे पातळ राहते. फरक इंचाच्या एखाद्या हजारांशाचा. पण तेवढ्याने गोळी किंचित तिरकी बसते. म्हणून मान बाहेरून कातायची. आत पोलादी दांडा, बाहेर पाते, आणि मध्ये फिरणारी पुंगळी. अखेरीस भिंत उरते साडेआठ हजारांशांच्या आसपास. त्यांच्या रायफलीत मानेसाठी जागाच ०.२६२ इंच, मान जाड राहिली तर ती फुलून गोळीला मोकळे करू शकत नाही आणि दाब धोक्याच्या घरात जातो. फाजील कातली तर पितळ पुन्हा चढविता येत नाही. शिकारीच्या सैल रायफलीला या खटाटोपाचा लाभ नाममात्र, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले.

मग एक पुंगळी त्यांनी आमच्या हाती दिली. निवृत्तीनंतर आमच्या उजव्या हातास कंप सुटला होता. चहाचा पेला डाव्या हाताने उचलून आम्ही तो घरातल्यांपासून लपवीत असू. येथे लपविणार कसे? गृहस्थ म्हणाले, हाताचे सोडा, दांडा मान सरळ धरतो. घाई तेवढी करू नका, पितळ तापते.

पहिल्या तीन पुंगळ्या साधल्या. चौथीस आम्ही चेव येऊन भरभर फिरवू लागलो. मायक्रोमीटरने पाहिले, तर एक बाजू सहा हजारांशांवर आलेली. त्यांनी ती मुकाट्याने मोडीच्या डब्यात टाकली. बिघाड कंपाने नव्हे, उतावीळपणाने झाला, याचे आम्हांस चमत्कारिक समाधान वाटले.

कन्या दारात उभी होती. परतताना तिने विचारले, “बाबा, हात केव्हापासून कापतोय?”

“दोन वर्षं झाली,” आम्ही म्हणालो.